जोगिणींची जागा

“सापडल्या का हो तुमच्या जोगिणी?” कुंपणावर कोपरं टेकून डेलिया टार्पीने विचारलं.

पुरातत्त्वज्ञ डॉ. लाव्हेल खणलेल्या खड्ड्यात गुडघ्यांवर बसले होते. शेकडो वर्षांपूर्वी या भागात चार-पाच ख्रिस्ती जोगिणींचा, म्हणजे नन्सचा, एक छोटा मठ होता. पुढे तो पडला, दगड लोकांनी गोठ्यांना नेले आणि जागा कुठली तेही आयर्लंडात कुणाला आठवेना. लाव्हेलांच्या मते ती डेलियाच्या कुरणात होती. म्हातारीने खणायला परवानगी दिली, तीही फजिती बघायला मिळेल म्हणून.

फादर समोरून आले तर ही रस्त्यात थुंकायची. नवऱ्याला पुरल्यापासून चर्चची पायरी चढली नव्हती.

“बिनकामाच्या बायका,” ती म्हणाली. “दुसऱ्याच्या भाकरीवर जगायचं आणि वर लोकांची पापं मोजायची. बुडाल्या ते बरं झालं. सोमवारी मी इथे नांगर घालणार आहे.”

“आज वेदीची जागा लागली, मिसेस टार्पी. तिच्या पायाशी थडगी आहेत.”

“त्यांचीच असणार. मेल्यावरसुद्धा पुढची रांग सोडवत नाही.”

“नाही. त्या बाहेर आहेत. भिंतीलगत, पागोळ्यांखाली. आत लहान मुलं आहेत. जन्मताच गेलेली.”

डेलियाची कोपरं कुंपणावरून खाली आली.

“बाप्तिस्म्याआधी?”

“बहुतेक सगळीच. एकेकाच्या डोक्याखाली सपाट दगड ठेवलाय, उशीसारखा.”

“तसल्यांना आत घेत नाहीत,” ती तुटकपणे म्हणाली. “पवित्र जमिनीत पुरत नाहीत त्यांना. मला नका शिकवू.”

“नियम तोच होता. यांनी तो जुमानला नाही.”

ती फाटक उघडून आत आली आणि खड्ड्याच्या काठाशी उभी राहिली. खाली बोटभर लांबीची हाडं होती.

“माझी लेक तिकडे दलदलीच्या कडेला आहे,” ती म्हणाली. “फादरने आत घेतली नाही. नवऱ्याने एकट्याने नेऊन पुरली.”

मग तिने डोक्याचा रुमाल सोडला आणि हलक्या आवाजात विचारलं,

“यांच्यात अजून एकीला जागा होईल का, डॉक्टर?”