डीलियाच्या एक मैल पुढे

“किती राहिलं?” पळता पळताच केझायाने ओरडून विचारलं.

“डीलिया तुझ्या दोन मैल पुढे आहे!” एमॉसकाका कठड्यावरून गरजला. “आणि फळ्याकडे बघायचं नाही!”

कुठलाच उस्ताद आपल्या धावपटूला मैलांचा फळा बघू देत नसे. सहा दिवसांच्या शर्यतीत आकडे बघून माणूस एकतर खचतं, नाहीतर सुस्तावतं.

न्यूयॉर्कच्या त्या भल्यामोठ्या दालनात, भुसा अंथरलेल्या धावपट्टीवर तेरा बायका सोमवारपासून गोल गोल पळत होत्या. आज शनिवार. सहाला घंटा. बॉस्टन, ऑल्बनी, ब्रुकलिन, तिन्हीकडे केझाया दुसरी आली होती आणि तिन्हीकडे तिने डीलिया रूर्कची फक्त पाठ पाहिली होती. आता तर दोन दिवस पाठही नाही.

“तू झोपलीस की ती पळते,” काका म्हणाला होता. “महालबाड!”

तंबूत पाय चोळायला गुरुवारी ठेवलेली नवी बाई बसलेलीच असे. हात मऊ, जीभ तिखट.

“दमलीस? झोप मग. डीलिया काही दमत नाही हो. ती पळता पळता रस्सा पिते.”

“खड्ड्यात गेला तिचा रस्सा! बूट द्या इकडे!”

“अगं, वळणावर पावलं आखूड टाक. ती टाकते तशी.”

“तिचं नाव काढू नका!”

बाई खुदकन हसली.

पण केझायाने पावलं आखूड केली, आणि काय सांगावं, पाय जणू नवे झाले! साडेपाचला ती वाऱ्यासारखी सुटली. बाकांवरची माणसं उभी राहिली, टोप्या उडाल्या, बँडवाले तर सूर सोडून नुसतेच ढोल बडवायला लागले. आजवर ती हरली असेल, आज नाही. आज नाहीच!

घंटा झाली. काकाने तिला उचलूनच तंबूत आणलं.

“तीनशे बहात्तर मैल! डीलियाच्या विक्रमाहून एक जास्त! पोरी, तू चँपियन!”

“आणि ती? या खेपेला तिचे किती?”

काका घुटमळला. “एकशे नव्वद. गुरुवारी घोटा मुरगळला तिचा. शर्यत सोडली.”

“मग दोन दिवस मी गाठत कुणाला होते?”

“मला,” तिच्या बुटांच्या नाड्या सोडत बाई म्हणाली. “पाय वर कर.”