पाळण्याची कडी

बारशाला बायका जमल्या, पाळणा सजला, आणि अंबादास वाघचौरे पाळण्यापासून हलेनात. नातवाचा पाळणा टांगायची छताची कडी तीन वर्षांपूर्वी, याच इमारतीच्या बांधकामावर सुपरवायझर असताना, त्यांनीच बसवली होती.

विहीणबाई जात्याच शंकेखोर. छताकडे बघत त्यांनी विचारलं, "काय गं इमारती, कडी धरील ना?"

हल्ली इमारतीला विचारल्याशिवाय कुणी खिळासुद्धा ठोकत नाही. विटेविटेचा नकाशा तिच्या डोक्यात असतो.

"धरील की, आजी," इमारत भिंतीतून लाडाने बोलली. "स्लॅब भरण्याआधी कडी गजाला बांधल्याचा फोटो आहे माझ्याकडे. वाघचौरेसाहेबांनी स्वतः काढलाय."

विहीणबाईंनी कौतुकाने पाहिलं, तशी वाघचौऱ्यांची मान खाली गेली. तेव्हा स्लॅब भरल्याच्या जेवणाचं मटण निवत होतं, म्हणून त्यांनी एकच कडी गजाला बांधली, तिचाच फोटो इमारतीतल्या बाराही घरांच्या नावावर चढवला, आणि बाकीच्या कड्या ओल्या काँक्रीटमध्ये नुसत्या खोचल्या होत्या.

सुनेने बाळाला उचललं, तसे ते ओरडले, "थांबा! तो फोटो या कडीचा नसेल."

"मग कुठल्या घरातला, साहेब?" भिंतीने भाबडेपणाने विचारलं.

"आठवत नाही गं."

 लगेच बाराही घरांत इमारतीचा आवाज घुमला, "झोपाळ्यावरून उतरा मंडळी! वाघचौरेसाहेब म्हणतात, कड्यांचा भरवसा नाही."

वरच्या मजल्यावर कुणीतरी धपकन उतरलं. जिन्यात त्यांच्या दाराकडे येणाऱ्या चपला वाजू लागल्या. सून दार उघडायला निघाली, पण वाघचौऱ्यांनी तिला थांबवलं आणि ते स्वतःच दाराची कडी काढायला गेले.