वाकडी काडी

"माझ्या चष्म्याला हात लावायचं काम नाही!"

धाकट्या जावेच्या हातातली पकड टेबलावर पडली. थोरलीनं चष्मा हिसकावून घेतला. चष्म्यांचं दुकान उघडायला अजून दहा मिनिटं होती. घरातल्या सगळ्यांचे चष्मे सकाळी धुऊन ठेवायचं काम धाकटीचं. धुवायचं, पुसायचं, ठेवायचं. त्यात पकडीचा काय संबंध?

थोरलीच्या मनात उत्तर तयारच होतं. चार वर्षं तयार होतं.

चार वर्षांपूर्वी ही लग्न होऊन आली आणि सासऱ्यांनी तिला आरशासमोरच्या खुर्चीत बसवलं. त्या खुर्चीतल्या बाईनं फ्रेम आधी स्वतः घालून दाखवायची, मग गिऱ्हाइकाला द्यायची. धाकटीचे गाल असे भरलेले की तारेचं वेटोळं घातलं असतं तरी खपलं असतं. त्याआधी बारा वर्षं ती खुर्ची थोरलीची होती. मग ती मागच्या खोलीत गेली, काचा घासायच्या यंत्रावर. गाल बसले आणि खुर्ची गेली. असं कुणी तोंडानं म्हणालं नाही. म्हणायची गरजच नव्हती.

म्हणून तिनं मांडीची चरबी काढून गालांत भरून घेतली. डॉक्टरकडे जाताना धाकटीचा फोटो नेला. "हे असे करा." डॉक्टर म्हणाला, भरलेलं किती टिकेल ते तुमचं शरीर ठरवणार. ते तिनं कानाआड केलं. नवरा म्हणाला, "आता गालावर डास चावला तर मांडी खाजवायची का गं?" तेही कानाआड केलं. दोन महिने गाल टम्म. सासऱ्यांनी खुर्ची परत दिली, पण अर्धा दिवस. सकाळी ती, दुपारी धाकटी. तिसऱ्या महिन्यात डावा गाल विरून गेला. उजवा तेवढा फुगलेला राहिला. चष्मा एका बाजूला चढून बसायला लागला. डॉक्टर म्हणाला, थांबा, सहा महिन्यांनी बघू. त्याला काय जातंय थांबायला सांगायला!

पण गेला महिनाभर चष्मा सरळ बसत होता. चष्म्याशिवाय तिला गाल काय, समोरचा आरसाही धड दिसायचा नाही. आणि चष्मा घातला की नजर फ्रेमवरच जायची; चष्मा सरळ म्हणजे गाल सारखे, एवढं तर धंद्यातल्या बाईला कळतं. डावा गाल पुन्हा भरतोय, हे तिनं घरभर सांगून टाकलं होतं. धाकटी तेव्हा नुसती हसली होती. ते हसणं थोरलीच्या डोक्यातून गेलं नव्हतं.

तिनं चष्मा टेबलाच्या सपाट काचेवर ठेवला आणि बोटानं दाबला. तो डुगडुगला. उजवी काडी वाकवलेली होती. चांगली जाणूनबुजून, तापवून वाकवलेली.

"बाबा! इकडे या. बघा तुमच्या लाडक्या सुनेची करामत!"

सासरे आले. त्यांनी चष्म्यावर बोट ठेवलं. चष्मा डुगडुगला. मग त्यांनी धाकटीकडे पाहिलं, मग थोरलीच्या तोंडाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. चाळीस वर्षं माणसांच्या नाकांवर चष्मे बसवलेला माणूस.

"बोल ना आता," थोरली म्हणाली. "माझं तोंड वाकडं दिसावं म्हणून करतेस ना हे? माझा गाल भरला ते बघवत नाही तुला. जळतेस तू!"

"ताई, तो आहे तसाच राहू द्या," धाकटी एवढंच म्हणाली.

"राहू द्या? का? आज हिला मागे पाठवा, बाबा. कायमची. नाहीतर मी जाते."

सासऱ्यांनी चष्मा थोरलीपुढे सरकवला. मग धाकटीला म्हणाले, "जा बाळ, मागे जा."

धाकटी गेली. पकडही घेऊन गेली नाही.

थोरलीनं गरम हवेवर काडी धरली, मऊ केली, सरळ केली. पुन्हा काचेवर ठेवून दाबली. चारही टोकं टेकली. केसभरही हालचाल नाही. बारा वर्षांचा हात होता तो, विसरतोय कुठं! तिनं चष्मा चढवला, पदर नीट केला आणि खुर्चीत बसली. अख्ख्या दिवसाची खुर्ची. सासऱ्यांनी शटर वर केलं.

पहिलं गिऱ्हाईक शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. आल्या, बसल्या, पर्स मांडीवर ठेवली. थोरलीनं तोंड भरून हसून फ्रेम पुढे केली. बाई फ्रेमकडे बघेचनात.

"अहो," बाई म्हणाल्या, "आधी तुमचा तर सरळ करा. एक भिंग भुवईला लागलंय, दुसरं गालावर उतरलंय."

थोरली आरशाकडे वळली. काल सरळ बसलेला चष्मा आज तोंडावर तिरपा पडला होता. त्याच्याखाली एक गाल फुगलेला आणि एक खोलगट. तिनं चष्मा काढून काचेवर ठेवला. दाबला. डुगडुगला नाही. पुन्हा दाबला, जोरात. नाहीच.

महिनाभर रोज सकाळी कुणीतरी तिचा चष्मा वाकडा करत होतं, तिचं तोंड सरळ दिसावं म्हणून. आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

मागच्या खोलीत काचा घासायचं यंत्र सुरू झालं.

धाकटीच्या गालांचा हेवा निदान डॉक्टरकडे तरी नेता आला होता. तिच्या मनाचा हा हेवा कुठं न्यायचा?