ढाराढूर

“यांना झोप येत नाही, हे कधीपासून चाललंय?” डॉक्टरांनी विचारलं. विचारलं तेही तिच्या नणंदेकडे बघून.

“झाले की पाच-सहा महिने,” नणंद म्हणाली. “रात्रभर टक्क जागी, आणि दिवसभर ज्याच्या-त्याच्या अंगावर खेकसणार. परवा तर कहरच केला. कारखान्यात मशीनवर शिवता शिवता डुलकी लागली आणि सुई नखातून आरपार! विचार फार करते हो. दुसरं काय?”

ती मधल्या खुर्चीत बसली होती. बोटाला जाडजूड पट्टी. एका बाजूला नणंद, दुसऱ्या बाजूला नवरा. तोंड तिलाही आहे, हे अजून कुणाच्या ध्यानात आलेलं नव्हतं.

“आणि तुमची झोप?” डॉक्टरांनी नवऱ्याला विचारलं.

“फर्स्ट क्लास. पाठ टेकायची खोटी.”

“ढाराढूर झोपतो,” नणंद कौतुकानं म्हणाली. “घोरायला लागला की शेजाऱ्यांना कळतं, आला म्हणून कामावरून. मनात पाप नाही ना, डॉक्टर. झोप अशीच लागते.”

डॉक्टर हसले आणि पहिल्यांदाच तिच्याकडे वळले. “म्हणजे यांच्या घोरण्यानं तुमची झोपमोड होते तर.”

“घोरण्यानं नाही. ते घोरायचे थांबतात तेव्हा.”

“सवय असते एकेकाची,” असं म्हणत डॉक्टरांनी लिहायला घेतलं. “ही गोळी रोज झोपताना घ्या. आठ दिवसांत फरक पडेल.”

“गाढ झोप लागेल?”

“कानाशी ढोल वाजवला तरी उठणार नाही.”

“मग यांना कोण उठवणार?”

“गजर लावा की!” डॉक्टर म्हणाले, आणि नवरासुद्धा हसला.

तिची खुर्ची करकरत मागे सरकली.

“गजर? श्वास बंद पडतो यांचा!” तिचा आवाज एवढा चढला की नर्सनं दारातून डोकावलं. “घोरता घोरता एकदम चिडीचूप होतात. छाती हलत नाही. ओठ काळेनिळे पडतात. मी गदागदा हलवते, तेव्हा कुठे आचका देऊन श्वास घेतात आणि परत घोरायला लागतात. सगळी रात्र हेच. सकाळी उठून मलाच सांगतात, मस्त झोप झाली! मला झोप येत नाही असं कुणी सांगितलं तुम्हाला? मरणाची झोप येते मला. मी झोपत नाही!”

“काहीतरी अभद्र बोलू नकोस,” नणंद म्हणाली. “आणि असं होतं तर घरात कधी बोलली नाहीस ती?”

“बोलले होते, ताई. तुम्ही म्हणालात, नवऱ्याचं सुख बघवत नाही हिला.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. आता ते नवऱ्याकडे नीट बघत होते. त्याच्या जाड मानेकडे, सुजलेल्या डोळ्यांकडे.

“सकाळी डोकं जड असतं?”

“थोडं असतं. चहा घेतला की बरं वाटतं.”

“दिवसा पेंग येते?”

“येते कधीमधी. सिग्नलला थांबलो की जरासा डोळा...” त्यानं जीभ चावली.

“काम काय करता तुम्ही?”

त्यानं बायकोकडे पाहिलं. मग बहिणीकडे. “शाळेची बस चालवतो.”

लिहिलेला कागद डॉक्टरांनी टरकन फाडला.

“तुम्ही जिला झोप म्हणता ना, ती झोप नाहीच,” ते म्हणाले. “झोपेत तुमचा घसा आतून मिटतो. हृदयाला, मेंदूला हवा पुरत नाही. आधी तुमची तपासणी करू. मग बहुतेक रात्री लावायचं मशीन द्यावं लागेल. हे बरं होण्यातलं आहे. पण उपचार लागू पडेपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही.”

नवऱ्याचा चेहरा उतरला. मग लाल झाला. “बसवरून खाली उतरवलंस मला,” तो तिला म्हणाला. “घरभेदी!”

“म्हणा. काम जाईल म्हणून घराबाहेर मीच इतके दिवस गप्प बसले, त्याची मला लाज वाटते. लोकांची पोरं असतात त्या बसमध्ये.”

“आणलं होतं हिला,” नणंद पुटपुटली, “आणि आजारी ठरला माझा भाऊ!”

तपासणीची वेळ ठरवायची होती. नर्सनं तिघांना बाहेर बसायला सांगितलं. व्हरांड्यात माणसांची ये-जा होती. नवरा बाकावर बसला आणि बायकोकडे पाठ करून भिंतीला टेकला. रागानं तो काहीतरी बोलत होता. बोलता बोलताच त्याची मान कलली आणि घोरणं सुरू झालं. समोरून जाणारी दोन माणसं एकमेकांना कोपर मारून हसली.

सवयीनं तिचा हात त्याच्या खांद्याकडे गेला. तो तिनं मागे घेतला. ती उठली, समोरच्या रिकाम्या बाकाकडे गेली, पर्स उशाला घेतली आणि आडवी झाली.

“अगं, इथे? चारचौघांत?” नणंद दबक्या आवाजात ओरडली. “लोक काय म्हणतील?”

“तुम्ही बसा त्यांच्याजवळ,” ती डोळे मिटून म्हणाली, आणि पुढचं काही बोलायच्या आत तिला झोप लागलीसुद्धा.

नणंद नाक मुरडून भावाशेजारी टेकली. तो घोरत होता. आणि मग घोरेना.

तिनं वळून पाहिलं. त्याचं तोंड उघडं होतं, छाती जागच्या जागी. तिनं समोरच्या बाकाकडे पाहिलं. तिकडे काही हालचाल नव्हती.

“बाळ्या,” ती हळूच म्हणाली. मग उठून तिनं त्याचे दोन्ही खांदे धरले. “ए बाळ्या! बाळ्या!”