पारण्याचं सामान

द्वारकाबाईंनी संकल्पासाठी हातावर पळीभर पाणी घेतलं. यजमान गेल्यापासून उपास वाढतच चालले होते. भूक लागत नव्हती, रडूही येत नव्हतं.

"काकू, आजही निर्जळी?" किराणा मागवायला लेकीनं दिलेल्या बोलक्या फोननं विचारलं.

"व्रत आहे रे बाबा. तुला काय कळणार माझ्या मनातलं?"

"मनातलं दिसत नाही, करणीवरून ताडतो. पूर्वी उपासाच्या आदल्या दिवशीच तुम्ही पारण्याचं सामान मागवायचात. हल्ली काहीच मागवत नाही. काकू, हा उपास सोडायचाय ना?"

देवासमोर त्यांना खोटं बोलवेना.

हातावरचं पाणी ताम्हनात सोडायचं होतं. ते त्यांनी पिऊन टाकलं. चव लागली नाही.

"तांदूळ मागव," त्या म्हणाल्या. "अर्धा किलो पुरे."