वैरागचा वारा

भर दुपारी सोलापूर त्रेचाळीस अंशांवर भाजून निघत होतं. इंद्रायणी हवामान अंदाजाच्या मॉडेलला द्यायच्या नोंदी निवडत बसली होती. नियम साधा होता: ज्या गावाची नोंद शेजारच्या गावांशी जुळत नाही, ती बाद.

करमाळा त्रेचाळीस, बार्शी बेचाळीस. वैराग मात्र सकाळपासून सदतीसवरच अडून बसलेलं. वाऱ्याचं तर भलतंच. दोन सेकंद पूर्वेकडून, दोन सेकंद पश्चिमेकडून, पुन्हा पूर्वेकडून.

तिनं तिथलं यंत्र सांभाळणाऱ्या महिपतीकाकांना फोन लावला.

"मॅडम, यंत्र तर सोमवारीच काढून तुमच्याकडं दुरुस्तीला धाडलं की. हितं नुसता खांब हाय."

इंद्रायणीनं वाकून पाहिलं. वैरागचं खोकं तिच्याच टेबलाखाली होतं, चिकटपट्टीही न काढलेलं.

पडद्यावर वारा येत होता, जात होता. तिची छाती वर होत होती, खाली होत होती. तिनं श्वास रोखला. वाऱ्याचा आकडा शून्यावर आला. तिनं श्वास सोडला, वारा सुटला.

ती घाबरली, आणि घाबरलेला हात सवयीचंच काम करतो. तिनं वैरागपुढे ‘बाद’ची खूण केली.

वारा पडला.

इंद्रायणीनं श्वास घ्यायला तोंड उघडलं.