लाल जरा जास्त

“बाबा, तुमच्या फोटोत सगळी माणसं आजारी का दिसतात?” मैत्रिणींनी पैजच लावली होती, म्हणून बाबांच्या स्टुडिओत शिरताशिरता धाकटीने विचारून टाकलं.

फोटो कापणाऱ्या आईची कात्री थांबली. बाबा हसले. “गिऱ्हाइकंच तशी येतात, मी काय करू?”

“काहीतरीच! तुमची स्क्रीन लाल जास्त दाखवते, म्हणून तुम्ही फोटोतला लाल कमी करता. थांबा, आत्ता सरळ करते तिला!” बाबा नको नको म्हणेपर्यंत तिने शाळेतून मागून आणलेलं रंग मोजायचं यंत्र स्क्रीनवर लटकवलंसुद्धा.

रंग जागेवर आले आणि स्क्रीनवरच्या फोटोत कायम गुलाबी गालांनी हसणारी ताई पांढरीफटक पडली. आईने तोंड फिरवलं.

“तिचा शेवटचा फोटो, आजारपणातला,” बाबा हळूच म्हणाले. “तुझ्या आईला बघवेना. फोटोला हात लावायचा मला धीर झाला नाही, म्हणून स्क्रीनच तांबूस केली.”

धाकटीने यंत्र काढलं आणि लाल रंग पुन्हा होता तेवढा चढवला.

“आई, बाबा, ठरलं. उद्यापासून गिऱ्हाइकांचे फोटो माझ्या लॅपटॉपवर. ही स्क्रीन ताईची.”